न कलंडणारा अडथळा

यवतमाळ जिल्ह्यात मराठीचे अध्यापन करताना आणि वक्तृत्वस्पर्धांना परीक्षक म्हणून बसताना आम्हांला एक कथा पुनःपुन्हा ऐकावी लागते. बीड जिल्ह्याच्या आष्टी तालुक्यातील मांडवा गावचा मुलगा, वीटभट्टीवर राबणारे आईवडील, शाळेसाठी रोजची सुमारे सहा किलोमीटरची वाट, आणि मग एकदम आंतरराष्ट्रीय पदक! अविनाश साबळे यांच्या चरित्राचा हा सारांश खोटा नाही. परंतु ‘आणि मग एकदम’ या तीन शब्दांत जवळजवळ सारा इतिहास गडप होतो, ही आमची तक्रार आहे.

आधी शर्यतीचे स्वरूप पाहू. अठराव्या शतकात आयर्लंडमध्ये घोडेस्वार एका चर्चच्या मनोऱ्यापासून दुसऱ्या मनोऱ्यापर्यंत कुंपणे आणि ओढे ओलांडत दौडत. ‘स्टीपलचेस’ या नावाचे मूळ तेथे आहे. आजच्या ३००० मीटरच्या शर्यतीत २८ अडथळे आणि ७ वेळा पाण्यावरील उडी असते. हर्डल्सच्या शर्यतीत पाय लागला तर हर्डल कलंडते. स्टीपलचेसचा ९१.४ सेंटिमीटर उंचीचा जाड अडथळा मात्र जागचा हलत नाही. चुकीची किंमत धावपटूच्या अंगालाच मोजावी लागते.

साबळे यांचा जन्म १९९४ चा. बारावीनंतर ते सैन्यात, ५ महार रेजिमेंटमध्ये दाखल झाले. सियाचीनची थंडी आणि राजस्थानचे वाळवंट त्यांनी पाहिले ते शिपाई म्हणून. स्पर्धात्मक धावणे त्यांच्या आयुष्यात आले २०१५ मध्ये, सैन्याच्या क्रॉस-कंट्री शर्यतींतून. पुढे वाढलेले वजन त्यांनी तीन महिन्यांत सुमारे वीस किलोंनी उतरविले आणि प्रशिक्षक अमरीश कुमार यांच्या सांगण्यावरून ते स्टीपलचेसकडे वळले. बालपणीची पायपीट आणि पहिला विक्रम यांच्यामध्ये रेजिमेंट, शिधा, वेळापत्रक आणि गुण पारखणारा गुरू असा मोठा मुलूख पसरलेला आहे. आमचे वक्ते तो एका उडीत ओलांडतात.

गोपाल सैनी यांनी १९८१ मध्ये टोकियोत नोंदविलेला ८ मिनिटे ३०.८८ सेकंदांचा राष्ट्रीय विक्रम ३७ वर्षे अबाधित होता. २०१८ मध्ये भुवनेश्वर येथे साबळे यांनी तो ८:२९.८० असा मोडला. म्हणजे सेकंदाहून किंचित अधिक. पुढील कारकीर्द अशा लहान लहान बेरजांची आहे. २०१९ च्या दोहा जागतिक स्पर्धेत प्राथमिक फेरीत इतरांच्या अडथळ्यामुळे त्यांची लय मोडली. भारतीय संघाची हरकत मान्य होऊन त्यांना अंतिम फेरीत स्थान मिळाले आणि तेथे त्यांनी ८:२१.३७ अशी नोंद केली. २०२१ मध्ये टोकियो ऑलिंपिकला ८:१८.१२ हा नवा राष्ट्रीय विक्रम करूनही ते अंतिम फेरीस मुकले. विक्रम आणि अपयश एकाच धावेत पदरी पडावे, हा प्रसंग आम्हांला कोणत्याही पदकाहून अधिक बोलका वाटतो.

६ ऑगस्ट २०२२ रोजी बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत ते रौप्यपदकाचे मानकरी ठरले. १९९८ ते २०१८ या सहाही राष्ट्रकुल स्पर्धांत या शर्यतीची तिन्ही पदके केनियाने नेली होती. त्या मक्तेदारीत साबळे यांनी ८:११.२० च्या धावेने खिंड पाडली. सुवर्णविजेते अब्राहम किबिवोट त्यांच्यापुढे होते अवघे ०.०५ सेकंद. २०२३ मध्ये हांगझौच्या आशियाई स्पर्धेत सुवर्ण आले, शिवाय ५००० मीटरमध्ये रौप्य. जुलै २०२४ मध्ये पॅरिसच्या डायमंड लीगमध्ये विक्रम ८:०९.९१ वर आला. पुढच्याच महिन्यात तेथील ऑलिंपिकमध्ये ते अंतिम फेरी गाठणारे पहिले भारतीय पुरुष स्टीपलचेसपटू ठरले आणि अकरावे आले. सहा वर्षांत सुमारे वीस सेकंद, असे या तपश्चर्येचे गणित मांडता येते.

जुलै २०२५ मध्ये मोनॅको येथील शर्यतीत गुडघ्याच्या अस्थिबंधाला दुखापत झाली, शस्त्रक्रिया करावी लागली आणि त्या वर्षीची जागतिक स्पर्धा हुकली. न हलणाऱ्या अडथळ्याने अखेर आपली किंमत वसूल केली, असे म्हणावेसे वाटते. पण अशी सोयीची प्रतीके वापरण्याचा मोह आम्ही येथे आवरतो. गुडघा हा गुडघा असतो आणि त्याला उपचार व अवधी लागतो.

आमच्या जिल्ह्यात पहाटे रस्त्याच्या कडेने पोलीस आणि सैन्यभरतीसाठी धावणारी मुले दिसतात. त्यांतली कित्येक आमच्या वर्गात मागच्या बाकावर पेंगत असतात. गरिबी आणि जिद्द एवढ्या दोनच गोष्टी चरित्रातून त्यांच्यापुढे ठेवल्या, तर न जिंकणाऱ्या प्रत्येकाला आपण नकळत जिद्दीत उणा ठरवितो. गरिबी त्यांच्यापाशी आहे, जिद्दही आहे. नाही ते मैदान, पोटभर सकस अन्न, आणि वेळ मोजून चूक दाखविणारा माणूस. साबळे यांच्या कारकिर्दीत या साऱ्यांची नोंद आहे. पुढच्या वक्तृत्वस्पर्धेत कोणी ‘आणि मग एकदम’ म्हणाला, तर त्याला तेथेच थांबवून ‘मधली वर्षे सांग’ एवढेच म्हणायचे, असे आम्ही ठरविले आहे.