पेप्टाइड म्हणजे काय? म्हातारपण थांबवणारं इंजेक्शन खरंच आहे का?

तरुण ठेवणारी क्रीम, वय थांबवणारं इंजेक्शन अशा जाहिराती मोबाइलवर सारख्या येतात. त्यात 'पेप्टाइड' हा शब्द हमखास असतो.

पेप्टाइड म्हणजे काय?
प्रथिनं अमिनो आम्लांच्या मण्यांनी बनतात. मोजकेच मणी ओवले की पेप्टाइड तयार होतं. शरीर ते स्वतःच बनवतं आणि त्यातून पेशींना निरोप देतं. शुगरच्या पेशंटचं इन्सुलिन हे 51 मण्यांचं पेप्टाइडच आहे.

वयाशी संबंध काय?
1973 मध्ये अमेरिकेतले संशोधक लॉरेन पिकार्ट यांना माणसाच्या रक्तात फक्त तीन मण्यांचं पेप्टाइड सापडलं. त्याचं नाव जीएचके. ते तांब्याला धरून ठेवतं. वय वाढलं की रक्तातलं त्याचं प्रमाण घटतं. प्रयोगशाळेत त्याच्यामुळे त्वचेच्या पेशींनी जास्त कोलॅजन बनवलं. म्हणून ते क्रीममध्ये आलं.

आयुष्य वाढतं का?
कातडी थोडी बरी दिसणं वेगळं आणि आयुष्य वाढणं वेगळं. माणसाचं आयुष्य वाढवतं असं सिद्ध झालेलं एकही पेप्टाइड आज नाही.

काय काळजी घ्यावी?
बहुतेक पेप्टाइड पोटात गेलं की अन्नासारखं पचून जातं. इन्सुलिन टोचावं लागतं ते त्यामुळेच. 'फक्त संशोधनासाठी' असं लिहिलेली बाटली माणसासाठी नसते. डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय काहीही टोचून घेऊ नका. आणि अशा जाहिरातींच्या नादात चालू असलेलं इन्सुलिन मात्र बंद करू नका. त्या पेप्टाइडने खरोखर जीव वाचतो.