बीफच्या पाकिटावर देशाचं नाव : अमेरिकेतल्या एका हरलेल्या हक्काचा इतिहास

आपल्याकडे बीफचा विषय निघाला की वाद एकच : खायचं की नाही. अमेरिकेत मात्र अनेक वर्षं वेगळाच वाद चालला. दुकानातलं बीफ कोणत्या देशातल्या जनावराचं आहे, हे ग्राहकाला कळलं पाहिजे की नाही? आम्हाला हा इतिहास महत्त्वाचा वाटतो, कारण माहिती कुणाच्या ताब्यात राहणार, हा त्यातला खरा प्रश्न आहे.

आयात मालावर देशाचं नाव हवं, हे अमेरिकेच्या १९३० च्या टॅरिफ कायद्यातही होतं. पण परदेशी मांस अमेरिकेतल्या कारखान्यात कापून नव्याने पाकिटात भरलं की ते नाव गळून पडायचं. ही पळवाट बंद करण्यासाठी २००२ च्या शेती कायद्यात लेबलची सक्ती आली. मांस कंपन्यांनी विरोध केला आणि अंमलबजावणी लांबत गेली. २००३ च्या डिसेंबरमध्ये वॉशिंग्टन राज्यात 'मॅड काऊ' रोगाची गाय सापडली. ती जन्मली होती कॅनडात. तरीही अंतिम नियम लागू व्हायला मार्च २००९ उजाडलं. त्यातूनही हॉटेलं आणि प्रक्रिया केलेले पदार्थ वगळले होते.

लेबल कुणाला हवं होतं? 'आर-काल्फ'सारख्या पशुपालक संघटनांना आणि ग्राहक संघटनांना. नको कुणाला होतं? मोठ्या मांस कंपन्यांना. अमेरिकेत कत्तलीसाठी पोसलेल्या गुरांपैकी सुमारे ८५ टक्के गुरं चार कंपन्या कापतात. सगळं मांस एकसारखं दिसलं की जिथे स्वस्त तिथून जनावर घ्यायचं आणि आपल्या पशुपालकाचा भाव पाडायचा, हे त्यांना सोपं जातं. पण पशुपालकही एकजूट नव्हते. 'नॅशनल कॅटलमेन्स बीफ असोसिएशन' ही मोठी संघटना सक्तीच्या विरोधात उभी राहिली.

या लेबलचा फटका कॅनडा-मेक्सिकोच्या पशुपालकांनाही बसला, हे आम्ही लपवणार नाही. त्यांची जनावरं वेगळी ठेवण्याचा खर्च टाळण्यासाठी अमेरिकी कारखान्यांनी ती कमी घेतली, भाव पाडून घेतली. दोन्ही देश जागतिक व्यापार संघटनेत गेले. २०१२ च्या निकालात अपील मंडळाचं म्हणणं असं : ग्राहकाला माहिती देणं हा हेतू योग्य आहे, पण उत्पादकांकडून जितकी माहिती गोळा केली जाते, तितकी ग्राहकापर्यंत पोहोचतच नाही, म्हणून हा भेदभाव ठरतो. मग २०१३ मध्ये अमेरिकेने जन्म, संगोपन आणि कत्तल, तिन्ही ठिकाणं लिहायला लावली. तरी ती हरलीच. डिसेंबर २०१५ मध्ये कॅनडाला वर्षाला सुमारे १०५ कोटी कॅनेडियन डॉलर आणि मेक्सिकोला सुमारे २२.८ कोटी अमेरिकी डॉलर इतक्या रकमेच्या प्रतिशुल्काची परवानगी मिळाली. त्याच महिन्यात अमेरिकी संसदेने बीफ आणि पोर्कवरची सक्ती रद्द केली. चिकन, मटणावर ती राहिली.

विरोधक म्हणतात, ग्राहकाला फरकच पडला नाही. अमेरिकी कृषी खात्याच्या २०१५ च्या अहवालानेही लेबलमुळे मागणी वाढल्याचा ठोस पुरावा नसल्याचं सांगितलं. आमचा सवाल असा : हक्क काय खपाच्या आकड्यांवर मोजायचा? आणि उत्पादकाचं काय? सक्ती गेल्यावर परदेशी मांसही अमेरिकेत कापून-पॅक करून 'प्रॉडक्ट ऑफ यूएसए' म्हणून विकता येत होतं. ही फसवणूक थांबवणारा नियम २०२४ मध्ये आला आणि १ जानेवारी २०२६ पासून लागू झाला. तोही ऐच्छिक लेबलपुरता.

याच २०१५ साली महाराष्ट्रातही बीफच्या मुळाचा प्रश्न कायद्यात आला, पण उलट्या बाजूने. आपल्या सुधारित कायद्याच्या कलम ५-ड ने राज्याबाहेर कापलेल्या गाय, वळू, बैलाचं मांस जवळ बाळगणंही गुन्हा केलं. कलम ९-ब ने निर्दोषत्व सिद्ध करण्याचा भार आरोपीवर टाकला. मे २०१६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ही दोन्ही कलमं घटनाबाह्य ठरवली. कत्तलबंदी मात्र कायम ठेवली.

तिथे 'मांस कुठलं?' हा प्रश्न ग्राहक कंपनीला विचारत होता. इथे तोच प्रश्न पोलीस ताटातून खाणाऱ्याला विचारणार होते. म्हणून मित्रांनो, कोणताही कायदा वाचताना आधी हे तपासा : जाब कुणाला विचारला जातोय, आणि विचारणारा कोण आहे?

जय भीम!