पुयोलच्या दंडावरची पट्टी

इतिहासाच्या मास्तरला तारखा शेजारी शेजारी मांडून बघायची खोड असते. निवृत्तीनंतरही ती जात नाही. आता या दोन तारखा पाहा. १० जुलै २०१० ला बार्सिलोनाच्या रस्त्यांवर लाखो माणसं उतरली होती. 'आम्ही एक राष्ट्र आहोत, निर्णय आम्हीच घेणार' ही त्यांची घोषणा. कॅटलोनियाला २००६ साली वाढीव स्वायत्ततेचा कायदा मिळाला होता. त्यातली काही कलमं स्पेनच्या घटना न्यायालयाने नुकतीच रद्द केली होती, त्याचा हा निषेध. आणि दुसऱ्याच दिवशी, ११ जुलैला, स्पेनने जोहान्सबर्गला नेदरलँड्सचा १-० असा पराभव करून आपला पहिला फुटबॉल विश्वचषक जिंकला. त्या दिवशी सुरुवातीला मैदानात उतरलेल्या अकरा जणांपैकी पाच जण कॅटलान होते!

त्या पाचांतला एक म्हणजे कार्लेस पुयोल. खांद्यापर्यंत रुळणारे कुरळे केस, रांगडा चेहरा, बचावपटू. पिरेनीज पर्वताच्या पायथ्याशी असलेल्या ला पोब्ला दे सेगूर या लहानशा गावी १३ एप्रिल १९७८ ला त्याचा जन्म झाला. स्पेनची लोकशाही राज्यघटना मंजूर झाली तीही त्याच वर्षी.

थोडं मागे जायला हवं. १४ जून १९२५ ला बार्सिलोनाच्या मैदानात प्रेक्षकांनी स्पेनचं राष्ट्रगीत वाजताना शिट्ट्या मारल्या आणि सरकारने ते मैदानच बंद करून टाकलं. १९३६ साली यादवी युद्धात क्लबचा अध्यक्ष जुझेप सुन्योल याला फ्रँकोच्या सैनिकांनी गोळ्या घातल्या. पुढे १९७५ पर्यंत फ्रँकोची हुकूमशाही होती. कॅटलान भाषेला शाळेत, कचेरीत जागा उरली नाही. मग आपल्या भाषेत मोठ्याने ओरडायचं तरी कुठे? तर फुटबॉलच्या मैदानात. बार्सिलोनाचा कर्णधार दंडावर पिवळ्या-तांबड्या पट्ट्यांची फीत बांधतो, म्हणजे कॅटलान ध्वजच बांधतो. त्या फितीमागे एवढा इतिहास आहे.

पुयोल सतराव्या वर्षी, १९९५ साली, बार्सिलोनाच्या प्रशिक्षण केंद्रात आला. लहानपणी तो गोलरक्षक होता. खांदे दुखावू लागले म्हणून पुढे खेळायला लागला, आणि तिथून सरकत सरकत बचावात आला. उंची १७८ सेंटिमीटर, मधल्या बचावपटूला तशी कमीच. पायात जादू म्हणावी तर तीही बेताची. पण चिकाटी अशी की समोरच्याला नको नको व्हावं. ऑक्टोबर १९९९ मध्ये त्याला मुख्य संघात घेतलं. पुढच्याच वर्षी लुईस फिगो बार्सिलोना सोडून कट्टर प्रतिस्पर्धी रेआल माद्रिदकडे गेला. तो पाहुणा म्हणून परत खेळायला आला तेव्हा सगळं मैदान त्याच्यावर धावून जायचं बाकी होतं. त्याच्यावर नजर ठेवायचं काम बावीस वर्षांच्या पुयोलकडे होतं. फिगोला त्याने सामनाभर हलू दिलं नाही. बार्सिलोना २-० जिंकलं.

२००४ साली तो कर्णधार झाला. २ मे २००९ ला माद्रिदच्या मैदानात त्याने डोक्याने गोल केला, दंडावरची ती फीत उतरवली आणि सगळ्यांना दिसेल अशी तिचं चुंबन घेतलं. बार्सिलोनाने तो सामना ६-२ जिंकला. राजधानीत, भर मैदानात कॅटलान ध्वजाचं चुंबन! माद्रिदच्या लोकांना काय वाटलं असेल?

आणि हाच माणूस पुढच्या वर्षी स्पेनच्या लाल सदऱ्यात. ७ जुलै २०१०, दर्बान, उपांत्य सामना. समोर जर्मनी, आधी इंग्लंडला चार आणि अर्जेंटिनाला चार गोल मारून आलेली. ७३ व्या मिनिटाला शावीने कोपऱ्यावरून चेंडू उचलला. हा लांबून धावत आला, सगळ्यांच्या वर उडाला आणि कपाळाने असा काही ठोसा दिला की गोलरक्षकाला हात हलवायचीही सवड मिळाली नाही. अंतिम सामन्याचं दार उघडलं ते या एका गोलाने. सामन्यानंतर राणी सोफिया अभिनंदनाला खेळाडूंच्या खोलीत गेल्या, तर हे महाशय तिथे नुसत्या टॉवेलवर! आदल्या पिढ्यांनी राजाच्या गीताला शिट्ट्या मारल्या आणि हा राणीसमोर असा उभा. इतिहासालाही विनोदबुद्धी असते, असो.

अंतिम सामना जिंकल्यावर पुयोल आणि शावी कॅटलान ध्वज घेऊन मैदानात फिरले. संघाचा कर्णधार इकेर कासियास मात्र रेआल माद्रिदचा. काहींना हा दुटप्पीपणा वाटतो. मला तसं वाटत नाही. पुयोल कॅटलोनियाच्या संघातूनही खेळे, ज्याला अधिकृत मान्यता नाही, आणि स्पेनकडूनही. अंग चोरलं असं दोन्हीकडे कोणी म्हणू शकत नाही. राजकारणावर त्याने भाषणं ठोकली नाहीत. आपण बाहेरचे लोक उगाच त्याला एका रकान्यात बसवायला बघतो.

मे २०११ मध्ये बार्सिलोनाने लंडनला युरोपचा चषक जिंकला. मार्चमध्येच एरिक आबिदाल या फ्रेंच सहकाऱ्याच्या यकृतातली गाठ शस्त्रक्रियेने काढली होती. चषक उचलायचा मान कर्णधाराचा. पुयोलने ती फीत आबिदालच्या दंडावर चढवली आणि त्याला पुढे केलं.

मग गुडघ्याने साथ सोडली. फेब्रुवारी २०१३ मध्ये तो स्पेनकडून शंभरावा आणि शेवटचा सामना खेळला, मे २०१४ मध्ये त्याने बार्सिलोनाचा निरोप घेतला. त्या क्लबकडून ५९३ सामने. ऑक्टोबर २०१७ मध्ये कॅटलोनियात स्वातंत्र्याच्या प्रश्नावर मतदान झालं, पोलिसांनी लाठ्या चालवल्या, आणि त्याच आठवड्यात स्पेनच्या सरावाला आलेल्या जेरार पिकेला, पुयोलच्या बचावातल्या जोडीदाराला, माद्रिदजवळ प्रेक्षकांनी शिट्ट्या मारून हैराण केलं. पिके तरीही सरावाला उतरला.