आठव्या रस्त्यावरील क्युबा

मूळ गाव सोडून परमुलखात स्थिरावलेल्या समाजाचा इतिहास आपण सहसा सनदा, दफ्तरे, देवळे आणि वाडे यांत शोधतो. स्वयंपाकघराकडे लक्ष जाते ते उशिरा, आणि उपाहारगृहाकडे तर क्वचितच. परंतु ज्यांना कागदपत्रे बरोबर नेता आली नाहीत, घरे मागे टाकावी लागली, अशांच्या बाबतीत वस्तीतले खानावळवजा उपाहारगृह हाच कधी कधी सर्वांत बोलका दस्तऐवज ठरतो. अमेरिकेतील मायामी शहरात, क्युबन वस्तीच्या आठव्या रस्त्यावर, म्हणजे तेथील बोलीत ‘काये ओचो’वर, असलेले ‘व्हर्साय’ हे उपाहारगृह याचे चांगले उदाहरण आहे.

1 जानेवारी 1959 रोजी क्युबात क्रांती झाली. पुढच्या काही वर्षांत जमीनदार, व्यापारी, डॉक्टर, वकील आणि त्यांच्या मागोमाग सामान्य कारागीरही फ्लोरिडाकडे निघाले. अंतर फार नव्हते. फ्लोरिडाच्या दक्षिण टोकापासून क्युबाचा किनारा अवघा 90 मैल. त्यामुळे बहुतेकांना हा मुक्काम तात्पुरताच वाटत होता. एप्रिल 1961 मधील ‘बे ऑफ पिग्ज’ची मोहीम फसली आणि ही आशा मंदावली. 1965 ते 1973 या काळात विशेष विमानफेऱ्यांनी सुमारे तीन लाख लोक आले, तेव्हा परतीची भाषा सणासुदीच्या शुभेच्छांपुरती उरली.

‘व्हर्साय’ सुरू झाले ते याच काळात, 1971 मध्ये. संस्थापक फेलिपे वाल्स हे मूळचे सांतियागो दे क्युबाचे. 1960 मध्ये ते मायामीत आले. उपाहारगृहांना लागणाऱ्या साहित्याच्या धंद्यात त्यांनी उमेदवारी केली, कॉफीची यंत्रे आणून विकली. नाव फ्रेंच राजवाड्याचे, भिंतींवर आरसे, छताला झुंबरे; हा थाट सर्वस्व गमावून आलेल्यांना गेलेल्या वैभवाचे स्मरण देणारा होता. मात्र या जागेचा खरा प्राण आरसेमहालात नसून रस्त्याच्या बाजूच्या खिडकीत आहे. खिडकीतून कॉफी देण्याची ही पद्धत, ‘व्हेंतानीता’, मायामीत रुजवण्याचे श्रेय बहुधा वाल्स यांनाच दिले जाते. तेथे ‘कोलादा’ मागितली की साखर घोटून फेसाळलेली कडक कॉफी एका मोठ्या पेल्यात येते आणि सोबत अंगठ्याएवढे रिकामे पेले येतात. ती एकट्याने प्यायची नसतेच. शेजारी उभ्या असलेल्यांना वाटायची असते. वाटता वाटता गप्पा होतात, गप्पांतून वाद होतात आणि वादातून राजकारण. म्हणूनच अमेरिकेच्या अध्यक्षपदाचे उमेदवार या खिडकीशी येऊन कॉफी घेऊ लागले. 25 नोव्हेंबर 2016 च्या रात्री फिडेल कॅस्ट्रो यांच्या निधनाची वार्ता आली, तेव्हा वस्तीतले लोक भांडी वाजवीत जमले तेही येथेच.

आत ताटात जे वाढले जाते त्यात बेटाचा सारा इतिहास एकत्र आलेला दिसतो. कांदा, ढोबळी मिरची आणि लसूण तेलात परतून केलेला ‘सोफ्रितो’, म्हणजे जणू त्यांची फोडणी, स्पेनकडची. लसूण आणि आंबट संत्र्याचा रस ओतून वाढलेला साबुकंद त्या बेटाच्या मूळ रहिवाशांचा. भाजीच्या केळ्याचे दोनदा तळलेले काप हे ऊसमळ्यांवर राबलेल्या आफ्रिकन गुलामांचे देणे. ती गुलामगिरी 1886 पर्यंत टिकली. काळ्या घेवड्याबरोबर शिजवलेल्या भाताला ‘मोरोस इ क्रिस्तियानोस’, अर्थात ‘मूर आणि ख्रिस्ती’, असे म्हणतात. स्पेनमधील शतकांच्या संघर्षाची आठवण अशी रोजच्या भातात मुरली आहे. आणि ‘रोपा व्हिएहा’, शब्दशः ‘जुने कपडे’: तंतू सुटेपर्यंत शिजवून टोमॅटोच्या रश्श्यात घोळवलेले गोमांस. या पक्वान्नाला क्युबाच्या राष्ट्रीय भोजनाचा मान आहे.

नेमक्या याच पक्वान्नाची गोष्ट विचार करायला लावणारी आहे. क्युबात 1962 पासून शिधापत्रिका आली, 1968 मध्ये उरलेसुरले खासगी छोटे व्यवसायही सरकारने ताब्यात घेतले आणि गल्लीबोळातली उपाहारगृहे संपली. गुरे कापण्यावर कडक निर्बंध आले, गोमांस दुर्मीळ झाले. ज्या पदार्थाला राष्ट्राचे नाव लागले, तो मायदेशी सामान्य माणसाच्या ताटातून जवळजवळ नाहीसा झाला आणि देश सोडून गेलेल्यांच्या वस्तीत मात्र रोज शिजत राहिला.

म्हणून परदेशातला क्युबा खरा आणि बेटावरचा खोटा, असे मात्र म्हणता येणार नाही. सोव्हिएत संघ 1991 मध्ये कोसळला, क्युबाला मिळणारी मदत थांबली आणि भीषण टंचाई आली. तेव्हा लोकांनी घराच्या बैठकीतच पाने मांडायला सुरुवात केली. त्या काळी गाजलेल्या एका ब्राझिलियन दूरदर्शन मालिकेतील नायिकेच्या व्यवसायावरून या घरगुती खाणावळींना ‘पालादार’ हे नाव पडले. 1990 च्या दशकाच्या मध्यास त्यांना परवाना मिळाला, पण अवघ्या 12 खुर्च्यांचा. गोमांस आणि शेवंड वाढण्यास बंदी. 2011 मध्ये ही मर्यादा 50 खुर्च्यांपर्यंत वाढली. जे हाताशी आहे त्यातून रांधण्याची कला या घरांनी जपली. मायामीने पाककृती सांभाळली, तर हवानाने अभावातून वाट काढण्याची कल्पकता.

येथे आपल्यासारख्या, पिढ्यान्‌पिढ्या महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या कुटुंबांनी थोडे थांबावे. दूर गेलेले लोक निघण्याच्या क्षणाचे घर सांभाळतात. मागे राहिलेले लोक बदलत्या घरात राहतात. दोघांनाही आपलेच घर खरे वाटते. ‘व्हर्साय’ टिकले ते केवळ जुने जपल्यामुळे टिकले असते, तर त्याचे आजवर संग्रहालय झाले असते. ते टिकले कारण 1980 मध्ये मारिएल बंदरातून आलेले सव्वा लाख लोक, 1994 मध्ये तराफ्यांवरून आलेले आणि 2021 नंतर पुन्हा बेट सोडून निघालेले, असे प्रत्येक लाटेचे लोक त्या खिडकीशी येऊ शकले. आधी आलेल्यांना नंतर आलेल्यांचे बोलणे, विचार, राहणी नेहमीच पटली असे नाही. मारिएलच्या लोकांकडे तर जुन्या क्युबन कुटुंबांनीही संशयाने पाहिले. तरीही कॉफीचा पेला एकच होता.

फेलिपे वाल्स 2022 मध्ये वारले. ज्या देशात परत जाण्याची आशा धरून त्यांच्या पिढीने पहिली वर्षे काढली, तेथे त्यांतील बहुतेकांना कायमचे परतता आले नाही. त्यांची नातवंडे आज इंग्रजीत मागणी नोंदवतात, परंतु पदार्थांची नावे मात्र स्पॅनिशमध्येच उच्चारतात. भाषेचा किती अंश पुढच्या पिढीत उतरेल हे कोणत्याही स्थलांतरित समाजाच्या हाती पूर्णपणे नसते. मात्र ती भाषा जेथे रोज कानांवर पडेल आणि नवख्यालाही जेथे संकोच वाटणार नाही, अशी एखादी जागा चालती ठेवणे हाती असते. आठव्या रस्त्यावरच्या त्या खिडकीने पन्नासहून अधिक वर्षे एवढेच केले, आणि ते थोडे नव्हे.