खाडीच्या नावाचे पैसे

आजचा भाग पैशांचा आहे, पण शेअर बाजाराचा नाही. तिवरं पुन्हा वाढावीत, चिंबोऱ्या-निवट्यांना त्यांची जागा परत मिळावी, यासाठी पालघर, बोईसर, तारापूरच्या किनाऱ्यावर पैसा येतो कुठून? मी इतिहास चाळला, तेव्हा मला तीन पिशव्या दिसल्या.

पहिली पिशवी परवानगीची. 1980 चा वनसंवर्धन कायदा आला आणि वनजमीन दुसऱ्या कामाला द्यायची तर केंद्राची परवानगी लागू लागली. बदल्यात दुसरीकडे झाडं लावायचा खर्च भरायचा. पैसा जमायचा, पण झाडांपर्यंत पोचायचा नाही. म्हणून 2002 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने वेगळा निधी करायला सांगितलं. त्याचा कायदा व्हायला 2016 उजाडलं, आणि साचलेल्या रकमेतले 47 हजार कोटींहून जास्त रुपये राज्यांच्या हातात पडले ते ऑगस्ट 2019 मध्ये!

आता आपल्याकडे या. बुलेट ट्रेनचं एक स्टेशन बोईसरला आहे. या मार्गासाठी मुंबई, ठाणे, पालघर मिळून सुमारे 22 हजार खारफुटीची झाडं तोडायला मुंबई उच्च न्यायालयाने 9 डिसेंबर 2022 ला परवानगी दिली. आधीचा आकडा 53 हजारांच्या वर होता. भरपाई म्हणून पाचपट रोपं लावायचं आश्वासन मिळालं. पण त्यातली जगणार किती, याचा अभ्यास कुठे आहे? याचिकाकर्त्यांचा हा सवाल मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो.

दुसरी पिशवी दंडाची. तारापूर एमआयडीसीच्या सांडपाण्याविरुद्ध अखिल भारतीय मांगेला समाज परिषद राष्ट्रीय हरित लवादाकडे गेली. मासेमारीवर जगणारी माणसं ही. 2022 मध्ये लवादाने सांडपाणी प्रक्रिया केंद्र आणि कारखान्यांवर पर्यावरण भरपाई बसवली. बिघडलेला परिसर पुन्हा पूर्ववत करा, असं सांगायचा अधिकार लवादाला 2010 च्या कायद्यानेच दिलाय.

तिसरी पिशवी अनुदानाची. राज्याचा कांदळवन कक्ष 2012 चा. 2017 मध्ये किनाऱ्यावरच्या गावांसाठी योजना आली: गावाने समिती करून कांदळवन राखायचं, आणि खेकडापालन, मत्स्यपालन अशा कामांना सरकारने पैसा द्यायचा. गटाने केलं तर 90 टक्के, एकट्याने केलं तर 75 टक्के.

फरक लक्षात आला का? पहिल्या दोन पिशव्या भरतात त्या काहीतरी तुटल्यावर, नासल्यावर. तिसरी मात्र उभं आहे ते राखण्यासाठी आहे. माझ्या मते पुनर्स्थापनेचा खरा पैसा तोच, कारण खाडी सांभाळण्यात गावाचा रोजचा फायदा असतो.

आणि एक गोष्ट. भरतीचं पाणी आत-बाहेर खेळत असेल आणि जवळपास जुनी झाडं असतील, तर तिवरं बऱ्याचदा आपसूक रुजतात. बांध किंवा भरावाने पाणी अडलं असेल, तर हजार रोपं लावूनही उपयोग नाही. त्यामुळे पुढच्या वेळी 'इतकी लाख रोपं लावली' अशी पोस्ट दिसली, की तीन प्रश्न विचारा. पैसा कुठल्या पिशवीतला? कुठल्या खाडीत गेला? आणि तीन वर्षांनी रोपं जिवंत किती?

तुमच्या गावात अशी समिती आहे का? नक्की कळवा. भेटू पुढच्या भागात!