पाळीचे पाणी आणि पत्ताकोबीचा गड्डा

पांझरा नदीच्या फडात, म्हणजे बंधाऱ्याच्या सामाईक पाण्यावर भिजणाऱ्या शेतपट्ट्यात, शेतकऱ्याला स्वतःच्या शेतात स्वतः पाणी सोडायची मुभा नव्हती. बंधाऱ्यातून निघालेले पाणी आज कोणत्या चारीत वळवायचे, किती वेळ ठेवायचे, कोणाचा बांध आधी फोडायचा, हे गावाने नेमलेला पाटकरी ठरवी आणि ते कामही तोच करी. शेतमालकाने पाटाला हात लावला तर त्याला दंड होई. साक्री आणि धुळे तालुक्यांत पांझरा आणि कान नद्यांवर, तसेच शेजारच्या नाशिक जिल्ह्यात मोसम आणि आरमच्या काठी, ही पद्धत काही शतके चालली. १८८० साली छापलेल्या खानदेश जिल्ह्याच्या गॅझेटियरमध्येही या भागातल्या जुन्या बंधाऱ्यांची दखल आहे.

आज याच पट्ट्यातला दोन-तीन एकरांचा शेतकरी हिवाळ्यात पत्ताकोबी लावतो आणि तिचे पैसे करतो. कोबीचा हा लहान मळा खानदेशात इतक्या उशिरा का आला, याचे उत्तर बियाण्यात थोडे आणि पाण्यात बरेच सापडते.

फडाची रचना समजून घेण्यासारखी आहे. एका बंधाऱ्याखालच्या जमिनीचे सहसा तीन किंवा चार फड पाडलेले असत. एका फडात ऊस, दुसऱ्यात गहू-हरभरा, तिसऱ्यात बाजरी किंवा ज्वारी, आणि पुढच्या हंगामात फेरपालट. एका फडात पीक एकच. बहुतेक कुटुंबांची थोडी थोडी जमीन प्रत्येक फडात असल्यामुळे पाणी अपुरे असेल त्या वर्षी एखादा फड कोरडा ठेवायचा ठरला, तरी तोटा सगळ्यांना सारखा वाटला जाई. पाटाच्या तोंडाशी असलेला सधन आणि शेवटाला असलेला गरीब असा भेद त्यात फारसा उरत नसे. महाराष्ट्रात पाणीवाटपाची इतकी न्यायाची दुसरी जुनी व्यवस्था दाखवणे कठीण आहे.

पण कोबीला ही व्यवस्था मानवणारी नव्हती. कोबीची मुळे उथळ असतात. तिला थोडे पण वेळेवर पाणी लागते, आणि गड्डा भरू लागला की ओलाव्यातला चढउतार तिला अजिबात सोसत नाही. पाळी लांबली, जमीन वाळली आणि मग एकदम भरपूर पाणी मिळाले, तर आतली पाने झपाट्याने फुगतात, बाहेरची त्यांच्याबरोबर वाढू शकत नाहीत आणि गड्डा उभा फुटतो. फुटलेल्या गड्ड्याला बाजारात कोणी हात लावत नाही. उसाला पाळी चार दिवस उशिरा आली तर चालून जाते. कोबीचे तेवढ्यात नुकसान होते. शिवाय सगळ्या फडात एकच पीक हा नियम पाळून कोबी लावली असती, तर शेकडो गाड्या माल एकाच आठवड्यात काढणीला आला असता. तो घ्यायला धुळ्याच्या पेठेत तरी कोण होते?

म्हणून खानदेशात भाजी पिकली ती फडाबाहेर, विहिरीवरच्या मळ्यात. मोटेला बैल जुंपून जेवढे पाणी उपसता येई तेवढ्यावर मेथी, मुळा, कांदा, मिरची आणि वांगी होत. पुढे १८८३ च्या जमीन सुधारणा कर्ज कायद्याने विहीर खोदायला सरकारी तगाई मिळण्याची सोय झाली. या मळ्यांतली सगळ्यात नामांकित भाजी म्हणजे जळगावची भरिताची वांगी. यावल तालुक्यातल्या बामणोदचे नाव तर त्या वांग्याशी कायमचे जोडले गेले आहे. २०१६ मध्ये जळगावच्या भरिताच्या वांग्याला भौगोलिक मानांकन मिळाले, ते योग्यच झाले. त्या वांग्याचे बी शेतकऱ्याच्या घरातले असे. चांगले फळ झाडावर पिकू द्यायचे, बी धुऊन राखेत वाळवायचे आणि पुढच्या वर्षी तेच टाकायचे.

कोबीचे बी असे घरी धरता येत नव्हते. युरोपातल्या जातींना फुलावर येण्यासाठी कित्येक आठवड्यांची कडक थंडी लागते. तापीच्या काठी जानेवारीतल्या काही रात्री पारा दहा अंशांच्या खाली जातो. गड्डा बांधायला एवढा गारवा पुरतो, बी धरायला पुरत नाही. मे महिन्यात तर जळगाव-भुसावळ पंचेचाळीस अंशांपर्यंत तापते. त्यामुळे कोबी लावणारा माणूस दरवर्षी बियाण्यासाठी दुसऱ्याच्या दारात उभा असे.

इंग्रजी अमलात ते दार विलायतेत होते. १८१८ मध्ये खानदेश कंपनी सरकारकडे गेला. १८२५ मध्ये जेम्स आउट्रमने भिल्ल पलटण उभी केली आणि धरणगाव तिचे ठाणे झाले. पुढे रेल्वे आली आणि भुसावळला इंजिनांचे कारखाने व गोऱ्या नोकरदारांची वसाहत उभी राहिली. हिंदुस्थानात बऱ्याच ठिकाणी कोबी आणि फुलकोबी यांचे वाफे छावण्या आणि रेल्वे वसाहतींच्या आसपास दिसत. बियाणे बोटीने येई. पुण्याच्या गणेशखिंड बागेचे प्रमुख जी. मार्शल वुड्रो यांनी हिंदुस्थानातल्या बागकामावर जे पुस्तक लिहिले, तेही मुख्यतः अशाच बंगलेवाल्या वाचकांसाठी. लहान शेतकऱ्याला ना ते बियाणे परवडे, ना त्याच्या घरी ती भाजी कोणी मागे. खानदेशी जेवणात भरीत, कळण्याची भाकरी आणि डुबुक वडे यांची जागा पक्की होती.

दुसऱ्या महायुद्धाने बियाण्याच्या बोटी थांबवल्या, तेव्हा सरकारला देशातच थंड जागा शोधणे भाग पडले. क्वेट्टा आणि काश्मीरमध्ये बीजोत्पादन सुरू झाले. फाळणीत क्वेट्टा पाकिस्तानात गेले. मग हिमाचलच्या कुलू खोऱ्यातल्या कटराईनला केंद्र उभे राहिले आणि ते पुढे भारतीय कृषी संशोधन संस्थेकडे आले. गोल्डन एकरसारख्या लवकर येणाऱ्या, किलो-सव्वा किलोचा घट्ट गोल गड्डा देणाऱ्या जातीचे बियाणे देशातच तयार होऊ लागले. धुळ्यात १९६० मध्ये कृषी महाविद्यालय सुरू झाले आणि १९६८ मध्ये राहुरीला कृषी विद्यापीठ स्थापन झाले. मार्गदर्शनासाठी विचारायला जागा झाली.

तरीही पाणी पाळीचेच होते. १९६९ मध्ये गिरणा धरण पूर्ण झाले, त्याच्या कालव्यांनी चाळीसगाव-भडगावच्या पट्ट्यात गहू, कापूस आणि ऊस वाढवला. पण कालव्याचे आवर्तनही वरून ठरते, शेतकऱ्याच्या गरजेवर नाही. कोबीच्या दृष्टीने कालव्याचा खरा उपयोग त्याच्या पाझरातून झाला. आसपासच्या विहिरींना पाणी चढले. त्यातच मोटेची जागा डिझेल इंजिनाने आणि मग विजेच्या पंपाने घेतली होती. हवे तेव्हा हवे तेवढे पाणी हे लहान शेतकऱ्याला पहिल्यांदा तेव्हा मिळाले.

खरा बदल मात्र ऐंशीच्या दशकात झाला आणि त्याचे एक टोक जळगावात होते. जामनेर तालुक्यातल्या वाकोदचे भवरलाल जैन यांनी १९६३ मध्ये रॉकेलच्या विक्रीपासून धंद्याला सुरुवात केली होती. पुढे ते पीव्हीसी पाइपांकडे वळले. १९८६ मध्ये त्यांनी जैन इरिगेशनची स्थापना केली. इस्रायलमध्ये १९६५ पासून व्यापारी तत्त्वावर तयार होणारे ठिबक त्यानंतर जळगावच्या केळीत आणि तिथून भाजीच्या सऱ्यांत पोहोचले. ठिबकाने कोबीची जुनी अडचण मुळातच सोडवली. रोज थोडे पाणी, त्यातूनच विद्राव्य खत आणि गड्डा फुटण्याचे प्रमाण कमी. १९८८ मध्ये केंद्र सरकारच्या नव्या बियाणे धोरणाने भाजीपाल्याच्या बियाण्याची आयात मोकळी केली. उष्णता सोसणारे संकरित वाण बाजारात आले. आधी केवळ नोव्हेंबर ते फेब्रुवारीत बसणारी कोबी आता आगाप आणि मागासही लावता येऊ लागली. लहान शेतकऱ्यासाठी हा फार मोठा दिलासा होता, कारण सगळ्यांबरोबर माल आला की भाव कोसळतो आणि काढणीची मजुरीही निघत नाही. अर्धा एकर एकदम लावण्याऐवजी दोन-तीन आठवड्यांच्या अंतराने चार तुकडे लावणारा माणूस म्हणूनच टिकतो.

मोकळ्या पाण्याबरोबर कीडही वाढली. चौकोनी ठिपक्यांच्या पतंगाची भारतातली पहिली नोंद १९१४ ची आहे. वर्षभर कोबीवर्गीय पिके मिळू लागली आणि फवारण्यांचा मारा सुरू झाला, तसा हा पतंग औषधांना दाद देईनासा झाला. बंगळूरच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेने यावर साधा तोडगा काढला. कोबीच्या दर पंचवीस ओळींमागे मोहरीच्या दोन ओळी पेरायच्या, त्यांतली एक लागवडीच्या पंधरा दिवस आधी. पतंग अंडी घालायला मोहरीकडे जातो आणि फवारणी तेवढ्याच ओळींवर करावी लागते. हा उपाय स्वस्त आहे आणि लहान मळ्यात सहज जमतो. तो प्रत्येक कोबीच्या शेतात दिसायला हवा.

इकडे फडांची पकड सैल झाली. वरच्या अंगाला लाटीपाडा आणि मालनगाव येथे धरणे झाली, नदीचा बारमाही प्रवाह आटला, आणि विहीर असलेल्याला पाटकऱ्याची गरज उरली नाही. ज्याची विहीर खोल त्याचा मळा हिरवा, अशी नवी विषमता आली. तापीकाठच्या यावल-रावेरमध्ये तर भूजल इतके खाली गेले आहे की लहान शेतकऱ्याला नवी कूपनलिका परवडत नाही. कोबीला विहिरीने स्वातंत्र्य दिले हे खरे, पण ते उसनवारीवर होते.

फडाचे न्याय्य वाटप आणि विहिरीचे स्वातंत्र्य या दोन्हींचा मेळ घालता येतो. फडाच्या किंवा कालव्याच्या पाळीचे पाणी शेततळ्यात साठवायचे आणि तिथून ठिबकाने रोज थोडे द्यायचे, म्हणजे वाटप गावाच्या हातात राहते आणि वेळ शेतकऱ्याच्या. २०१६ मध्ये ‘मागेल त्याला शेततळे’ योजना आली, तेव्हा वैयक्तिक शेततळ्यांवरच भर राहिला. साक्री तालुक्यात ज्या गावांत बंधारे आणि पाट अजून शाबूत आहेत, तिथे पाटबंधारे आणि कृषी खात्याने मिळून सामुदायिक शेततळी द्यावीत, आणि ती भरण्याचे काम पाटकऱ्याकडेच ठेवावे.