वर्डकॅम्प : मुक्त संगणकप्रणालीच्या वापरकर्त्यांचे मेळावे – एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

संकेतस्थळ निर्मितीसाठी वापरली जाणारी 'वर्डप्रेस' ही संगणकप्रणाली मॅट मुलनवेग व माईक लिटल यांनी २००३ मध्ये 'बी-टू' या जुन्या प्रणालीच्या आधारे सुरू केली. जीपीएल परवान्यामुळे तिची संहिता वापरण्याचा, अभ्यासण्याचा व बदलण्याचा अधिकार सर्वांना मिळाला. तथापि, परवान्याने संहिता मुक्त होते. तिला सांभाळणारा समाज मात्र प्रत्यक्ष सहवासातूनच घडतो.

या सहवासाचा आरंभ ऑगस्ट २००६ मध्ये सॅन फ्रान्सिस्को येथील पहिल्या 'वर्डकॅम्प'ने झाला. २००९ मध्ये नवी दिल्ली व २०१३ मध्ये लायडन येथे असे मेळावे भरले. पुढे मुंबई व पुण्यातही ते झाले. संयोजक व वक्ते विनामानधन काम करतात आणि प्रवेशशुल्क माफक असते. 'योगदान दिना'स नवागतही भाषांतर, चाचणी व मार्गदर्शिकालेखन शिकतात. प्रणालीची मराठी आवृत्तीही स्वयंसेवकांच्या भाषांतरातूनच साकारली आहे.

या समाजाच्या मर्यादाही मेळाव्यातच उघड झाल्या. सप्टेंबर २०२४ मध्ये पोर्टलंड येथील व्यासपीठावरून मुलनवेग यांनी 'डब्ल्यूपी इंजिन' या कंपनीवर जाहीर टीका केली. ऑक्टोबरमध्ये कंपनीने न्यायालयात धाव घेतली. व्यापारचिन्हाचा वापर हा वादाचा एक प्रमुख मुद्दा होता.

सारांश, संहिता सर्वांची असली तरी नाव व निर्णयाधिकार सर्वांचे असतीलच असे नाही. सामूहिक श्रमातून उभ्या राहिलेल्या ज्ञानसंपत्तीचे नियंत्रण कोणाकडे असावे, हा प्रश्न म्हणूनच इतिहासाच्या अभ्यासकांनाही महत्त्वाचा ठरतो.